एका पगारावरचे घर आणि मुदतीपूर्वीची कर्जफेड

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी पुष्कळांनी बँकेचे कर्ज काढून घर घेतलेले आहे. कोणी कळंब्याला, कोणी पाचगावला, कोणी फुलेवाडीच्या बाजूला, तर कोणी उचगावला. त्यांत एकट्याच्या पगारावर घर घेणारे बंधू-भगिनीही आहेत. अविवाहित शिक्षिका, पतीच्या पश्चात नोकरीला लागलेली भगिनी, घटस्फोटानंतर मुलासह स्वतंत्र राहणारी परिचारिका, वृद्ध आई-वडिलांना सांभाळणारा एस.टी. कर्मचारी. या मंडळींचा एक प्रश्न नेहमीचा असतो. दिवाळीचा बोनस, वेतन आयोगाचा फरक किंवा भिशीची रक्कम हाती आली की ती कर्जात भरून टाकावी काय? कर्ज लवकर संपविणे शहाणपणाचे की नाही?

आमचे उत्तर असे की, भरावी; जितक्या लवकर भरता येईल तितकी चांगली; परंतु हातातली सगळी भरू नये. या उत्तराचा पूर्वार्ध गणिताने सिद्ध होतो. उत्तरार्ध मात्र गणितात दिसत नाही आणि दोन पगारांच्या घराला तो तितका लागूही होत नाही. म्हणून दोन्हींचा विचार येथे केला आहे.

प्रथम गहाण म्हणजे काय ते पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे अनेक प्रकार दिले आहेत. साधे गहाण, ताबेगहाण, सशर्त विक्रीचे गहाण इत्यादी. हल्ली गृहकर्जासाठी बहुधा जो प्रकार वापरतात तो म्हणजे घराची मूळ कागदपत्रे बँकेकडे ठेवून केलेले गहाण. घर आपल्या नावावर, राहणे आपले, घरफाळा आपण भरणार. परंतु खरेदीखत बँकेच्या तिजोरीत. याच कायद्याने गहाण ठेवणाऱ्याला आपली मालमत्ता पैसे फेडून सोडवून घेण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क मोठा आहे, आणि आपल्या समाजात तो वापरण्याची संधी फार जुनी नाही. महार वतनाची जमीन सरकारच्या परवानगीवाचून वतनाबाहेर कोणाला विकता किंवा गहाण देता येत नसे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली ही वतने रद्द करून जमिनी रयतावा केल्या. मुंबई राज्यात त्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. ज्यांच्या आजोबांच्या नावावर बँक कर्ज देईल असा कागदच नव्हता, त्यांच्या नातवंडांना आज बँक वीस लाख देते. कर्जाचा अभिमान आणि कर्जाची धास्ती या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकत्र का नांदतात, ते यावरून कळावे.

हप्त्याच्या पोटात काय असते?

समजा, एका शिक्षिकेने २० लाख रुपये २० वर्षांच्या मुदतीने ८.५ टक्के दराने घेतले. तिचा मासिक हप्ता १७,३५६ रुपये येतो. विद्यार्थी मित्रांनी येथे वही घ्यावी. महिन्याचे व्याज काढण्याची रीत सोपी आहे: शिल्लक मुद्दल गुणिले दर, भागिले १२००. पहिल्या महिन्याचे व्याज १४,१६७ रुपये होते. हप्त्यातून ते वजा केले की मुद्दलापोटी उरतात सुमारे ३,१९० रुपये. म्हणजे पहिल्या हप्त्यातील ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग व्याजातच गेला. दुसऱ्या महिन्यात मुद्दल ३,१९० ने कमी, म्हणून व्याज २२-२३ रुपयांनी कमी. असेच पुढे.

पाच वर्षांनी, म्हणजे साठ हप्ते भरून झाल्यावर, तिने एकूण १० लाख ४१ हजारांच्या वर भरलेले असतात. आणि शिल्लक मुद्दल किती? सुमारे १७ लाख ६२ हजार. दहा लाख भरून कर्ज अडीच लाखांनीही उतरलेले नाही! यात बँकेची लबाडी नाही. घटत्या शिलकेवरच्या व्याजाचे गणितच असे आहे. परंतु बँकेचे विवरणपत्र कधी न वाचणाऱ्यास ते पाचव्या वर्षी कळते, आणि वाचणाऱ्यास पहिल्या महिन्यात. पूर्ण २० वर्षांत तिने एकूण ४१ लाख ६५ हजार भरले, असा हिशोब निघतो. त्यांपैकी २१ लाख ६५ हजार व्याज.

आता तिने पहिल्या महिन्यापासून हप्त्याशिवाय दोन हजार रुपये जादा भरले, तर कर्ज २४० ऐवजी १८७ हप्त्यांत संपते. साडेचार वर्षांच्या जवळपास मुदत वाचली आणि साडेपाच लाखांचे व्याज वाचले. दोन हजार रुपये ही काही सर्वांनाच सहज जमेल अशी रक्कम नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण वार्षिक वेतनवाढ आणि महागाई भत्ता मिळाला की त्यातून काही भाग पहिल्याच महिन्यात बाजूला काढणे जमते. सहा महिन्यांनी जमत नाही, कारण तोवर तो खर्चात मुरलेला असतो.

एकरकमी एक लाखाचे पाहा. पहिले वर्ष संपताच लाख रुपये भरले, तर पुढचे सुमारे २६ हप्ते कमी होतात. तोच लाख पंधरा वर्षांनी भरला तर कमी होतात आठ-नऊ हप्ते. पहिल्या वेळी साडेतीन लाखांचे व्याज वाचले, दुसऱ्या वेळी पन्नास हजारांच्या आत. हे आकडे पाहून कोणी हरखून जाऊ नये. दोन्ही वेळा तो लाख ८.५ टक्क्यांनीच कामाला लागलेला आहे. फरक आहे तो किती वर्षे कामाला लागला याचा. परंतु ८.५ टक्के, तेही निश्चित आणि त्यावर आयकर नाही, असे दुसरे ठिकाण सामान्य नोकरदाराला सहसा सापडत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या सार्वजनिक खात्याचा दर एप्रिल २०२० पासून पुढे अनेक वर्षे ७.१ टक्के राहिला. मुदत ठेवीच्या व्याजावर कर लागतो तो वेगळाच.

आयकराची सवलत जाईल म्हणून कर्ज चालू ठेवा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या करपद्धतीत राहत्या घरासाठी ती नाही. वरील शिक्षिकेने पहिल्या वर्षी सुमारे १ लाख ६८ हजार व्याज दिले. ती जुन्या पद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्यावर ३३-३४ हजारांचा कर वाचला. चौतीस हजार वाचविण्यासाठी एक लाख अडुसष्ट हजार देत राहणे, हा युक्तिवाद आम्हांस कधीच पटलेला नाही. सवलत आहे तोवर घ्यावी. तिच्यासाठी कर्ज ठेवू नये.

न कळत लांबणारी मुदत

बहुतेक गृहकर्जे बदलत्या दराची असतात. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची अशी नवी कर्जे बाहेरच्या मानदंडाशी, बहुतांशी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. हप्ता वाढविला तर ग्राहक तक्रार करतो, म्हणून अनेक ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत वाढविण्यात आली. पगारातून कपात होणारा आकडा बदलला नाही, त्यामुळे कित्येकांच्या ध्यानीही आले नाही. आपल्या उदाहरणात दर ८.५ वरून ९.५ झाला आणि हप्ता १७,३५६ च राहिला, तर २४० हप्त्यांचे ३०९ होतात. वीस वर्षांचे कर्ज पावणेसव्वीस वर्षांचे झाले! राज्य शासनाच्या बहुतेक सेवकांची निवृत्ती ५८ व्या वर्षी. चाळिशीत घर घेतलेल्या भगिनीला याचा अर्थ काय, तो हिशोब तिनेच करून पाहावा.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये याबाबत सूचना काढल्या. दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही, याची निवड कर्जदाराला द्यावी. अंशतः किंवा पूर्ण फेड करण्याची मुभा असावी. दर तिमाहीला शिल्लक हप्ते व दर दाखविणारे विवरण द्यावे, असे त्यात आहे. उलट बाजूने, दर उतरतात तेव्हा हप्ता कमी करून घेऊ नये. २०२५ साली रेपो दर टप्प्याटप्प्याने ६.५० वरून ५.२५ वर आला. कर्जाचा दर ८.५ वरून ७.५ वर आला आणि हप्ता जुनाच चालू ठेवला, तर २४० चे २०५ हप्ते होतात. खिशातून एक पैसाही जादा न देता झालेली ही मुदतपूर्व फेड होय.

मुदतपूर्व फेडीला दंड लागतो, अशी समजूत अजून ऐकू येते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकांनी असा आकार घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच सांगितले. गृहवित्त कंपन्यांसाठी राष्ट्रीय आवास बँकेने त्याआधी २०११ साली तसे केले होते. स्थिर दराचे कर्ज असेल तर मात्र करारपत्र वाचून पाहावे. नोकरांच्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत. तेथे संस्थेचे पोटनियम पाहावे लागतात.

एकट्याने किती हातचे राखावे?

आता उत्तराचा उत्तरार्ध. बँकेत एकदा आगाऊ भरलेला पैसा परत मागता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो पुढच्या हप्त्यांची आगाऊ भरणाही समजला जात नाही. गेल्या वर्षी चार लाख भरले होते, म्हणून यंदा आजारपणात चार हप्ते चुकले तरी चालतील, असे होत नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक ठरते, आणि मग २००२ च्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँक घराच्या ताब्याकडे जाऊ शकते. तेरा लाख फेडून सात लाख उरलेले घरही त्याच नोटिशीच्या कक्षेत येते. दोन पगारांच्या घरात एक बंद पडला तरी दुसरा हप्ता ओढतो. एकट्याच्या घरात तो दुसरा पगार म्हणजे राखून ठेवलेली रक्कमच.

कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगावयास नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोन वर्षांत दोनदा घरात पाणी आलेल्या माणसाला गाद्या, फ्रीज, कपाट आणि मुलांची पुस्तके पुन्हा घ्यावी लागली. त्या महिन्यातही हप्ता होताच. ज्याने जूनमध्ये सगळी शिल्लक कर्जात भरली असेल, त्याला ऑगस्टमध्ये चढ्या व्याजाने हातउसने घ्यावे लागणार. साडेआठ टक्क्यांचे कर्ज फेडून अठरा-चोवीस टक्क्यांचे काढणे, याला कर्जफेड म्हणता येत नाही.

म्हणून आमचे मत असे: सहा महिन्यांचा हप्ता आणि सहा महिन्यांचा घरखर्च एवढी रक्कम प्रथम बाजूला पडावी. आपल्या शिक्षिकेचा घरखर्च १८ हजार धरला तर ही रक्कम सुमारे २ लाख १२ हजार होते. नोकरी कंत्राटी असेल तर सहाऐवजी बारा महिने धरावेत. त्यानंतर पतसंस्थेचे, सोनेतारणाचे, क्रेडिट कार्डाचे असे महाग कर्ज असेल तर ते फेडावे. आरोग्यविमा आणि घराचा विमा, ज्यात पुराचे नुकसान भरून मिळते असा, चालू असावा. मग उरलेले गृहकर्जात.

निवृत्तीच्या तरतुदीला हात लावून कर्ज संपविण्याचा मोह एकट्या माणसाने विशेष टाळावा. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन आपोआप लागू नाही. पन्नाशीत कर्जमुक्त झालेले पण साठीत हात रिकामे असलेले घर विटा विकून दळण आणू शकत नाही. काही बँकांत ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज मिळते. त्यात जादा पैसे ठेवले की तेवढ्यावरचे व्याज थांबते आणि अडचणीला ते काढताही येतात. दर थोडा जास्त असतो. तरीही एकट्या कर्जदारासाठी हा प्रकार आम्हांस उपयुक्त वाटतो, अट एवढीच की, काढता येतात म्हणून काढू नयेत.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत अनणसुख म्हणजे ऋणमुक्तीचे सुख आहे, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. परंतु सिगालोवाद सुत्तात मिळकतीची वाटणी सांगताना चौथा भाग आपत्तीसाठी राखून ठेवावा असेही आहे. आपल्याकडे पहिल्याची आठवण अधिक केली जाते. दोन्ही उपदेश गृहस्थालाच केलेले आहेत.

अंशतः रक्कम भरताना लेखी अर्ज द्यावा आणि त्यात स्पष्ट लिहावे: हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी. कायम नोकरीत हेच योग्य. कंत्राटी नोकरीत किंवा स्वतःचा छोटा व्यवसाय असेल तर हप्ता कमी करून घ्यावा आणि सवडीने जादा भरत राहावे. कारण वाईट महिन्यात सक्तीची रक्कम लहान असलेली बरी. पावती आणि नवे परतफेड-पत्रक हातात पडेपर्यंत बँकेच्या पायऱ्या उतरू नयेत. बँकेच्या आग्रहाने भाऊ किंवा बहीण सहकर्जदार झाली असेल, तर त्यांच्या नावावरही हे कर्ज दिसते आणि त्यांना स्वतःचे घर घेताना ते आडवे येते. आपण लवकर फेडले की तेही मोकळे होतात.

कागद हातात आल्याशिवाय फेड झाली असे समजू नये

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडे धाव घेतली, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः रोख्यांवर, गहाणखतांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ते कागद त्यांनी जाळले. पैसा देऊनही कागद सावकाराकडे राहिला तर जमीन राहत नाही, हे त्यांना अनुभवाने समजले होते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आज कागद जाळावा लागत नाही, पण मागून घ्यावा लागतो.

शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेकडून बेबाकीचा दाखला घ्यावा. खरेदीखत, सूची क्रमांक दोन, भागपत्र ही मूळ कागदपत्रे कर्ज घेताना दिलेल्या यादीशी ताडून परत घ्यावीत. ती ३० दिवसांत द्यावीत आणि आपल्यामुळे विलंब झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. त्यानंतरचे काम बहुतेक जण विसरतात. सात-बाराच्या इतर हक्कांत किंवा सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो अर्ज देऊन कमी करून घ्यावा. नोंदणीकृत गहाणखत असेल तर गहाण सोडखतही नोंदवावे लागते. गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी असलेली बँकेची नोंद काढावी. सेरसाईच्या केंद्रीय नोंदणीतून बँकेने आपला हक्क काढला की नाही ते विचारावे. कर्जाबरोबर एकरकमी विमा घेतला असेल, तर काही योजनांत उरलेल्या मुदतीचा हप्ता परत मिळतो, तोही मागावा.

आणि एकट्या घरमालकाने याच आठवड्यात मृत्युपत्र करावे. गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशन केले म्हणजे घर त्या व्यक्तीचे झाले, हा समज खरा नाही. वारसा ठरतो तो कायद्याने किंवा मृत्युपत्राने. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्या कायद्यानुसार निपुत्रिक विधवेने मृत्युपत्र केले नसेल, तर तिच्या स्वकष्टार्जित घरावर तिच्या आई-वडिलांच्या आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात हाच अर्थ कायम केला. त्यात लग्नानंतर लवकरच विधवा झालेली, सासरहून बाहेर पडलेली आणि माहेरी राहून शिकून नोकरी केलेली स्त्री होती. तिची मिळकत सासरच्यांकडे गेली. पंधरा वर्षे पोटाला चिमटा घेऊन सोडविलेले घर कोणाला जावे, हे जिने सोडविले तिने लिहून ठेवावे. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक शुल्क लागत नाही, दोन साक्षीदारांच्या समक्ष सही करावी लागते, आणि ज्याला घर द्यावयाचे तो साक्षीदार नसलेला बरा. नोंदणी ऐच्छिक असून ती दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात होते. बँकेच्या बेबाकी दाखल्याची प्रत त्याच पाकिटात ठेवावी.